वीज म्हणजे वायू नव्हे



नांदेड व लातूर जिल्ह्यांतील अनेक आयुर्वेदीय चिकित्सालयांत अभ्यंगाचे टेबल, नाडीस्वेदाचे यंत्र आणि बस्तीची साधने यांच्या शेजारी आता आणखी एक वस्तू स्थिरावली आहे. एक लहानशी पेटी, तिला जोडलेल्या दोन किंवा चार वायरी आणि वायरींच्या टोकांना चिकटपट्ट्या. रुग्ण तिला ‘करंटची मशीन’ म्हणतात. तिचे रूढ नाव ‘टेन्स’. त्वचेवरून सौम्य विद्युत्-स्पंद देऊन खालच्या चेतातंतूंना उत्तेजित करणारे हे उपकरण गृध्रसी, कटिशूल, अवबाहुक, जानुसंधिगत वात अशा वेदनाप्रधान विकारांत वापरले जाते आणि औषधी दुकानांतूनही विकले जाते.

यंत्र आले यात वावगे काही नाही. चिंता आहे ती यंत्रामागून आलेल्या भाषेची. ‘विद्युत् मर्मचिकित्सा’, ‘वातनाडी-शुद्धी’, ‘इलेक्ट्रॉनिक अग्निकर्म’ अशी नामाभिधाने आपल्या व्यवसायात रुजू पाहत आहेत. वायू हा शरीराचा प्रेरक, वीज ही चेतातंतूंची प्रेरक, म्हणून वायू म्हणजेच वीज, असा सरळसोट तर्क व्याख्यानांतून मांडला जातो आणि टाळ्याही मिळवतो. प्रस्तुत लेखकाचे मत याविरुद्ध आहे. यंत्र अवश्य वापरावे. परंतु त्याच्या स्वतःच्या नावाने, त्याच्या सिद्ध झालेल्या मर्यादेत आणि आपल्या शास्त्राच्या संज्ञा त्याला न चिकटवता वापरावे. यात केवळ शब्दांचा वाद नाही. चुकीच्या नावाने दिलेल्या चिकित्सेत रुग्णाचा वेळ जातो, पैसा जातो आणि काही वेळा अवयवही जातो.

यंत्राचे कार्य कसे चालते?

विजेने वेदना शमवण्याचा प्रयत्न प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने शिरःशूल व वातरक्तसदृश विकारात विद्युत्-मत्स्याचा प्रयोग नोंदवला आहे. परंतु त्यामागची आधुनिक उपपत्ती मिळाली ती १९६५ साली. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांत मांडला. स्पर्शाची संवेदना वाहणारे जाड तंतू आणि वेदना वाहणारे बारीक तंतू पृष्ठरज्जूत एकत्र येतात. जाड तंतू सतत उत्तेजित ठेवले, तर बारीक तंतूंच्या वार्तेला तेथील दार काहीसे बंद होते. गुडघा आपटल्यावर आपण नकळत तो चोळतो, त्याचे हेच स्पष्टीकरण. १९६७ साली वॉल व स्वीट यांनी विद्युत्-उत्तेजनाने माणसातील वेदना तात्पुरती थांबवून दाखवली आणि त्याच वर्षी नॉर्मन शिली यांनी पृष्ठरज्जूवर पहिले उत्तेजक यंत्र बसवले. आजचा टेन्स ही याच परंपरेची घरगुती आवृत्ती होय.

पुढील संशोधनाने या उपपत्तीत भर घातली. सेकंदाला ५० ते १०० स्पंदांचे सौम्य उत्तेजन आणि सेकंदाला २ ते ४ स्पंदांचे जोरकस उत्तेजन यांचे कार्य सारखे नाही. शरीरातील अफूसदृश द्रव्यांचे भिन्न ग्राहक त्यांत भाग घेतात. म्हणजे ‘करंट लावला’ एवढे सांगणे हे ‘काढा दिला’ एवढे सांगण्यासारखेच आहे. कोणता, किती, किती वेळ, कोठे, हे सांगितल्याशिवाय त्याला चिकित्सा म्हणता येत नाही. शिवाय बाजारातील टेन्स, इंटरफेरेन्शिअल, फॅरॅडिक आणि गॅल्व्हॅनिक ही चार वेगवेगळी साधने आहेत. एकाच पेटीत सर्व बटणे असल्याने ती एक होत नाहीत. सलग वाहणारा गॅल्व्हॅनिक प्रवाह त्वचेवर रासायनिक दाहही करू शकतो.

फलश्रुती किती?

येथे उत्साह आवरला पाहिजे. २०१६ साली ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने कटिशूल व गृध्रसीत टेन्स देऊ नये असे मार्गदर्शन केले. २०१९ च्या कॉक्रेन समीक्षेने दीर्घकालीन वेदनेत त्याच्या उपयुक्ततेविषयी खात्रीने काही सांगता येत नाही असा निष्कर्ष काढला. याउलट २०२२ साली ‘बीएमजे ओपन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३८१ चाचण्यांच्या विश्लेषणात उपचार चालू असताना व तो संपताच वेदनेची तीव्रता कमी होते असे दिसले. या निष्कर्षांचा मेळ घातला तर चित्र असे दिसते: यंत्र चालू असेपर्यंत आणि त्यानंतर थोडा काळ आराम मिळू शकतो, मूळ व्याधी त्याने हटते असा आधार नाही.

आपल्या परिभाषेत याचे स्थान शोधायचेच असेल, तर ते चरकाच्या महाकषायांतील ‘वेदनास्थापन’ या कर्माजवळ आहे. ती कर्माची संज्ञा आहे. द्रव्य कोणते, याचा आग्रह तीत नाही. गृध्रसीची संप्राप्ती मोडणारी चिकित्सा म्हणून मात्र टेन्सला उभे करता येणार नाही. हा भेद व्यवहारात फार महत्त्वाचा ठरतो. लातूरच्या आडत बाजारात पाठीवर तुरीची पोती वाहणाऱ्या हमालाला वीस मिनिटे करंट दिला आणि त्याला मोकळे वाटले, तर तो विश्रांती घेत नाही. तो पुन्हा पोत्याखाली जातो. मुखेड-देगलूरकडून ऊसतोडीला निघालेला मजूर कंबर बधिर करून फडात उतरतो. वेदना ही शरीराने दिलेली ताकीद असते. ती पुसून टाकणाऱ्याने पुढील पथ्य, विश्रांती, बस्तिक्रम आणि व्यायाम यांची जबाबदारीही घ्यावी लागते. तसे न केल्यास सुखसाध्य व्याधी कष्टसाध्य करण्याचे श्रेय आपल्याकडे येईल.

लक्ष्यवेधी उत्तेजनाचे मोठे क्षेत्र

जगात या विषयाची प्रगती पेटीच्या फार पुढे गेली आहे. मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी कंपवाताच्या निवडक रुग्णांत मेंदूच्या विशिष्ट केंद्रात विद्युत्-अग्र बसवण्याची शस्त्रक्रिया रुजवली. मानेतील व्हेगस चेतातंतूच्या उत्तेजनाला अमेरिकेत १९९७ साली अपस्मारासाठी, २००५ साली दुःसाध्य नैराश्यासाठी आणि २०२१ साली पक्षाघातानंतर हाताच्या पुनर्वसनासाठी मान्यता मिळाली. केव्हिन ट्रेसी यांनी २००२ साली दाखवून दिले की हाच चेतातंतू शोथाचे नियमन करणारे एक परिवर्तित चक्र चालवतो. त्यातून पुढे आमवातसदृश संधिवातासाठी मानेत बसवायचे उपकरण तयार झाले आणि जुलै २०२५ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यासाठीच्या चाचणीत २४२ रुग्ण होते. बारा आठवड्यांनी ठरावीक सुधारणा दिसली ती उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्क्यांत आणि यंत्र बसवूनही चालू न केलेल्यांपैकी सुमारे २४ टक्क्यांत. म्हणजे लाभ खरा, पण माफक. आणि तो माफक आहे हे त्यांनी मोजून सांगितले.

या दुसऱ्या आकड्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. शंभरांतील चोवीस जणांना बंद यंत्रानेही बरे वाटले. आपल्या चिकित्सालयात करंटने बरे वाटलेल्यांपैकी कितीजण या चोवीसांतले, हे आपणापैकी कोणी सांगू शकेल काय?

‘आमच्याकडे हे होतेच’ या वाटेने

व्हेगसला आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘प्राणदा नाडी’ म्हणतात. ही संज्ञा गणनाथ सेन यांच्या ‘प्रत्यक्षशारीरम्’च्या परंपरेतून आलेली, विसाव्या शतकातील आहे. सोयीसाठी केलेले हे भाषांतर पाहून ‘प्राणदा नाडी आमच्या ऋषींना ज्ञात होती’ असे म्हणणे म्हणजे स्वतःच लावलेल्या पाटीचा पुरावा देणे होय.

हा मोह नवा नाही. मुंबईचे डॉ. वसंत रेळे यांनी १९२७ साली ‘द मिस्टीरियस कुंडलिनी’ हा ग्रंथ लिहून कुंडलिनी म्हणजे उजवा व्हेगस चेतातंतू होय, असे प्रतिपादन केले. त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिणारे तंत्रशास्त्राचे अभ्यासक सर जॉन वुड्रॉफ यांनाच हे समीकरण मान्य नव्हते. कुंडलिनी ही कोणतीही नस नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. रेळे यांची जिज्ञासा वंदनीय आहे. परंतु त्या समीकरणाने ना योगाच्या अभ्यासकाला नवे साधन मिळाले, ना चेताशास्त्राला नवा प्रयोग. जवळपास त्याच काळात, १९२४ साली, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना केली आणि उड्डियान, नौली यांसारख्या क्रियांत शरीरात काय घडते ते क्ष-किरण व दाबमापक लावून तपासले. नौलीत मोठ्या आतड्यात ऋण दाब निर्माण होतो, हे त्यांनी मोजून ‘योगमीमांसा’त छापले. एकाने नाव जुळवले, दुसऱ्याने मोजमाप केले. शंभर वर्षांनंतर कोणाचे काम पुढच्यांच्या उपयोगी पडले, हे वेगळे सांगायला नको.

मर्मांविषयी सुश्रुत काय सांगतो?

‘विद्युत् मर्मचिकित्सा’ या नावाचा आधार सुश्रुत शारीरस्थानाचा सहावा अध्याय म्हणून सांगितला जातो. तो अध्याय आपण सर्वांनी पदवीपूर्व काळात अभ्यासला आहे. एकशे सात मर्मांची तेथे परिणामांवरून विभागणी आहे: सद्यःप्राणहर १९, कालांतरप्राणहर ३३, विशल्यघ्न ३, वैकल्यकर ४४ आणि रुजाकर ८. ही सर्व विभागणी आघाताच्या फलाची आहे. मर्मे कोठे आहेत हे शल्यवैद्याने जाणावे, ते त्यांना जपण्यासाठी. तेथे उत्तेजन देऊन रोग बरे करावेत, हा त्या अध्यायाचा विषयच नाही. नंतरच्या काळात, विशेषतः केरळात, मर्मस्थानांच्या स्पर्श-मर्दनाची परंपरा वाढली. तिचा स्वतंत्र विचार व्हावा. पण तिचे दायित्व सुश्रुतावर टाकू नये.

गंमत अशी की सुश्रुताचा मूळ अर्थ घेतला, तर तो यंत्राच्या सावधगिरीशी नेमका जुळतो. मानेच्या दोन्ही बाजूंना नीला, मन्या आणि मातृका ही मर्मे सांगितली आहेत. त्यांपैकी मातृका सद्यःप्राणहर. टेन्सच्या वापरातही मानेचा पुढचा व बाजूचा भाग वर्ज्य आहे, कारण तेथील कॅरोटिड सायनस उत्तेजित झाल्यास रक्तदाब व हृदयगती एकाएकी घसरू शकते. मर्मावर पट्टी लावण्यास सांगणारा सुश्रुताचे नाव घेतो, आणि सुश्रुत मात्र तेथून हात दूर ठेवायला सांगतो!

अग्निकर्माशी केलेली तुलनाही टिकत नाही. उंचावलेले, कठीण व सुप्त मांस असलेल्या व्रणात सुश्रुत अग्निकर्म सांगतो. टेन्सला सुप्त त्वचा वर्ज्य, कारण ज्याला स्पर्श कळत नाही त्याला प्रवाह किती वाढला हेही कळत नाही आणि त्वचा भाजते. एकाचा निर्देश तो दुसऱ्याचा निषेध असेल, तर ती दोन कर्मे एकच कशी?

कर्णवेधाचेही असेच. कानावरून व्हेगसची शाखा उत्तेजित करण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत, म्हणून कर्णवेध हे आद्य व्हेगस-उत्तेजन होय असे सांगण्यात येते. सुश्रुतोक्त कर्णवेध कानाच्या पाळीत होतो. व्हेगसची शाखा पोहोचते ती कानाच्या वरच्या खोलगट भागात; पाळीला दुसराच चेतातंतू आहे. इतकेच काय, या प्रयोगांत ‘खोटा उपचार’ म्हणून तुलनेसाठी अनेकदा जी जागा निवडतात, ती हीच कानाची पाळी!

तुलना करायची तर कशी करावी, याचाही एक वस्तुपाठ उपलब्ध आहे. चिनी सूचिवेधात गुडघ्याखाली ‘झुसान्ली’ नावाचा बिंदू आहे. हार्वर्डच्या मा छिऊफू यांच्या गटाने २०२१ साली ‘नेचर’मध्ये दाखवले की उंदरांत या जागी सौम्य विद्युत्-उत्तेजन दिल्यास व्हेगसमार्गे शोथ कमी होतो, पोटावरच्या बिंदूवर तेच उत्तेजन दिल्यास होत नाही. कारण मागच्या पायाच्या खोल आवरणात विशिष्ट संवेदी तंतू आहेत, पोटाच्या आवरणात ते नाहीत. त्यांनी ‘ची’ म्हणजे वीज असे म्हटले नाही. कोणता बिंदू, कोणता तंतू, किती प्रवाह, हे विचारले आणि त्यांतील एक बिंदू खरा ठरला, एक ठरला नाही. आपल्या १०७ मर्मांपैकी एकाला तरी आपण असा प्रश्न विचारला आहे काय?

चिकित्सालयातील व्यवहार

कोणी म्हणेल, जगात औषध नाही असे द्रव्यच नाही, असे चरकच सांगतो. मग विजेला दूर का ठेवावे? दूर ठेवूच नये. परंतु चरक त्याच ठिकाणी युक्ती आणि प्रयोजन यांची अट घालतो. ती अट अशी पाळता येईल.

एक, निषेध पाठ असावेत. हृदयात पेसमेकर असलेला रुग्ण, गर्भिणीचे उदर व कटी, शिरागत रक्तगुठळीचा संशय, अर्बुदाची जागा, अपस्मारी रुग्णाचे डोके व मान, आणि बधिर त्वचा येथे यंत्र लावू नये. आपल्या भागात मधुमेहाने तळपाय बधिर झालेले रुग्ण रोजचे आहेत. कुष्ठाने संवेदना गेलेले चट्टेही पाहायला मिळतात. पट्टी लावण्यापूर्वी कापसाच्या बोळ्याने स्पर्श तपासण्यास अर्धा मिनिट पुरतो.

दोन, क्रम सांभाळावा. अभ्यंगानंतर लगेच पट्ट्या लावण्याची पद्धत चुकीची आहे. तेलकट त्वचेवर पट्टी सर्वत्र सारखी बसत नाही, प्रवाह एकाच ठिकाणी एकवटतो आणि तेथे टोचते वा भाजते. यंत्र आधी, स्नेहन-स्वेदन नंतर. किंवा त्वचा साबणाने धुऊन, कोरडी करून मगच.

तीन, आणि सर्वांत महत्त्वाचे, कोणाला यंत्र न लावता तत्काळ पुढे पाठवायचे हे ठरलेले असावे. गृध्रसीच्या रुग्णाची लघवी अडली असेल, मांड्यांमधील भाग बधिर झाला असेल किंवा पाऊल उचलत नसेल, तर तो शस्त्रचिकित्सेचा रुग्ण आहे. अर्दितात पहिल्या ७२ तासांत स्टिरॉइड सुरू झाल्यास लाभ होतो हे सिद्ध आहे. विद्युत्-उत्तेजनाचा लाभ मात्र २०११ च्या कॉक्रेन समीक्षेत सिद्ध झाला नाही. नव्या पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. किनवट वा माहूरहून नांदेडला पोहोचण्यातच त्यातला बराचसा वेळ सरतो. तो रुग्ण आधी आपल्या दारात थांबला आणि आपण त्याला ‘वातनाडी-शुद्धी’ दिली, तर त्या विलंबाची किंमत त्याचे कुटुंब जन्मभर मोजते.

फिजिओथेरपी हा राज्यात २००२ च्या कायद्याने आणि देशात २०२१ च्या कायद्याने मान्य झालेला स्वतंत्र व्यवसाय आहे. तालुक्याच्या ठिकाणीही आता फिजिओथेरपिस्ट भेटतात. त्यांच्याशी सहकार्य करण्यात वैद्याचा कमीपणा नाही. पंचकर्म आपण करावे, विद्युत्-साधने त्यांच्या सल्ल्याने लावावीत.

औषधी व्यावसायिकांसाठी

१ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याने ‘औषध’ या व्याख्येत आली आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्यांच्या विक्रीसाठीही नोंदणीची तरतूद झाली आहे. तेव्हा बिल नसलेली, उत्पादकाचे नाव व परवाना क्रमांक नसलेली पेटी काउंटरवर ठेवणे म्हणजे तसेच औषध ठेवणे होय. दुसरे, १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात प्रतिबंधक कायद्याच्या परिशिष्टात पक्षाघात, मधुमेह, अपस्मार, संधिवात आणि मज्जासंस्थेचे विकार यांचा समावेश आहे. शरीराच्या कार्यावर परिणाम करण्यासाठी बनवलेली वस्तूही त्या कायद्याच्या कक्षेत येते. ‘या यंत्राने लकवा व शुगर बरी होते’ असे पत्रक पुरवठादाराने छापून दिले असले, तरी ते वाटणारा हात आपला असतो. पेटी मागणाऱ्या गिऱ्हाईकाला ‘पेसमेकर आहे का, पाय बधिर आहेत का, दिवस गेले आहेत का’ हे तीन प्रश्न विचारणारा दुकानदार एका दुपारची विक्री गमावेल कदाचित. वर्षानुवर्षांचा विश्वास मात्र राखेल.

एक प्रस्ताव

केवळ निषेध करून लेख संपवणे योग्य नाही. नांदेड येथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, लातुरातही आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि दोन्ही जिल्ह्यांत गृध्रसीच्या रुग्णांची वानवा नाही. आपल्या संघटनेने पुढाकार घेऊन गृध्रसीत केवळ अग्निकर्म, केवळ टेन्स आणि दोन्ही एकत्र अशा तीन गटांचा अभ्यास हाती घ्यावा. नीतिसमितीची मान्यता व क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतील नोंद आधी करावी. वेदना शून्य ते दहा या मापाने नोंदवावी; पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे रुग्ण किती पावले चालला, किती दिवसांनी कामावर परतला आणि तीन महिन्यांनी त्याची स्थिती काय, हे टिपावे. अग्निकर्म सरस ठरले तर तो आपल्या शास्त्राचा खरा गौरव ठरेल. टेन्स सरस ठरला, तर तेही आपल्या रुग्णांच्या हिताचे. दोन्ही सारखीच ठरली, तर कमी खर्चाचे कोणते, हे लोहा-कंधारच्या शेतमजुराला सांगता येईल. तिन्ही निष्कर्ष छापण्याची तयारी मात्र आधीच ठेवली पाहिजे.

तोपर्यंत प्रत्येकाने एवढे तरी करावे. केसपेपरवर ‘टेन्स, अमुक स्पंद, अमुक जागा, वीस मिनिटे’ असे लिहावे आणि पावतीवरही तेच नाव टाकावे. रुग्णाला आपण काय दिले ते त्याला समजेल अशा शब्दांत सांगावे. पुढच्या वैद्याच्या हाती तो कागद पडला, तर त्याला आपण काय केले ते कळले पाहिजे. वायूचे सामर्थ्य सिद्ध करण्यासाठी विजेची साक्ष काढण्याची आवश्यकता नाही, आणि विजेच्या उपयोगासाठी वायूच्या परवान्याचीही नाही. सुज्ञ वैद्यांनी या भूमिकेवर साधकबाधक विचार करून आपली मते याच अंकांतून मांडावीत, ही विनंती.